घटस्फोट झाला तर बहिणीच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचं काय होतं?

मुलुंडकर_दादा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. २०१६ साली लग्न झालं, इथेच मुलुंडला, साग्रसंगीत. मेहुणे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ती त्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या एच-४ वर गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये व्हिसा बुलेटिनच्या (ग्रीन कार्डची रांग कुठवर आली ते दर महिन्याला सांगणारं पत्रक) तारखा एकदम पुढे सरकल्या होत्या, तेव्हा त्यांच्या कंपनीने ग्रीन कार्डचा शेवटचा टप्पा, आय-४८५ म्हणतात तो, भरला. बहिणीचा अर्ज त्यांच्याबरोबरच, डिपेंडंट म्हणून. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१४ ची. अर्ज अजून पडूनच आहे. त्या अर्जावर मिळालेल्या ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, ती एका विमा कंपनीत नोकरी करते. मुलगी सहा वर्षांची, तिकडेच जन्मलेली.

दोघांचं पटत नाही. मारहाण वगैरे काही नाही, नुसतं पटत नाही. मेहुणे गेल्या महिन्यात वेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. त्यांच्या इथल्या वकिलांनी परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा मसुदा आमच्या घरी पाठवलाय. "जानेवारीत मुंबईला या, सह्या करा, सहा महिन्यांत दोघे मोकळे." आईचं म्हणणं, येऊ दे तिला, इथे आली की बघू. बहीण तिकीट बघतेय.

मला एवढंच विचारायचंय की तिच्या अर्जाचं काय होईल? नऊ वर्षं राहिली, स्वतः कमावते, टॅक्स भरते. हे काहीच धरत नाहीत का?

किटलीभर_चहा
वाचून वाईट वाटलं दादा. जाणकार येतीलच. तोवर तिकीट थांबवा.

पोहे_विथ_शेव
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक
पोहे, हा त्या प्रकारचा धागा नाही.

पोहे_विथ_शेव
चूक झाली. दादा, सॉरी. मजकूर न वाचताच टाकलं होतं.

एडिसनवासी
दादा, ऑफिसातून घाईत लिहितोय.

आधी तिकिटाचं. आय-४८५ पेंडिंग असताना ॲडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, हातात नसेल आणि ती देशाबाहेर पडली, तर तिने अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-४ जिवंत असेल आणि त्याच्या व्हिसावर परत येता येत असेल तर सूट आहे. पण मेहुण्यांनी मधल्या काळात ईएडी वापरून नोकरी बदलली असेल, तर त्यांचाच एच-१ उरला नसेल. मग हिचा एच-४ कुठला? ती आज नक्की कुठल्या कागदावर तिथे आहे ते तिला विचारा. बऱ्याच जणींना हे सांगता येत नाही. माझ्याच बायकोला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, सगळ्या फायली माझ्या लॅपटॉपवर.

आता मूळ प्रश्न. तिचा अर्ज वेगळा दिसला तरी उभा आहे मेहुण्यांच्या खांद्यावर. मंजुरीच्या दिवशी ती कायद्याने त्यांची बायको असायला हवी, बस्स. आदल्या दिवशी घटस्फोटाची डिक्री झाली तर अर्ज फेटाळला जाणार, त्यावरचं ईएडी जाणार, म्हणजे नोकरीही. मंजुरीच्या दुसऱ्या दिवशी डिक्री झाली तर काहीही होत नाही. नोकरीच्या वाटेने आलेलं कार्ड कंडिशनल, म्हणजे अटीवरचं, नसतं, पुढे घटस्फोट झाला म्हणून कोणी परत मागत नाही. नऊ वर्षांचा हिशेब कुठल्याच रकान्यात नाही, दुर्दैवाने.

एच-४ चंही तेच, डिक्री झाली की तो संपला. त्यानंतर बेकायदा वास्तव्य म्हणून धरलेले १८० दिवसांपेक्षा जास्त भरले आणि बाहेर पडलं तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर राहिलं तर दहा वर्षं. म्हणून आजच एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडे जाऊ दे. कंपनीच्या वकिलाकडे नको, तो मेहुण्यांच्या कंपनीचा आहे.

खडूस_काका
माझं मत कडू वाटेल. मोडलंय ना? मग यावं परत. मुंबईत नोकऱ्या नाहीत का? मुलुंडला हक्काचं घर आहे, आई आहे. त्या कार्डापायी किती वर्षं लोंबकळायचं?

किटलीभर_चहा
काका, तुमचे चिरंजीव सॅन होजेला ना? त्यांना सांगा की परत यायला. (दिवा घ्या.)

खडूस_काका
तो ऐकतो का माझं! म्हणून तर इथे लिहितो.

निमूट
एरवी या विषयावर लिहीत नाही, पण दादांचा मजकूर वाचून राहवलं नाही.

माझा नवरा अमेरिकन नागरिक होता. मी उतरले तेव्हा लग्नाला आठ महिने झाले होते. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत रहिवास मिळाला तर कार्ड दोनच वर्षांचं देतात. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा अट काढायचा अर्ज भरायचा. आमचं सव्वा वर्षातच संपलं. मिळून सही करायला दुसरं माणूसच नव्हतं.

अशा वेळी एकटीने अर्ज करता येतो. घटस्फोट झालाय आणि लग्न खरं होतं, हे दाखवायचं. ती ९० दिवसांची अटही मग नसते. पण लग्न खरं होतं हे कागदावर कसं दाखवतात? भाडेकरार दोघांच्या नावावर हवा, बँकेचं खातं हवं, एकत्र भरलेला टॅक्स हवा. आमचं खातं त्याच्या एकट्याच्या नावावर, माझ्याकडे फक्त ॲड-ऑन कार्ड. वकीलबाई म्हणाल्या, फोटो आण.

माझ्याकडे पहिल्या संक्रांतीचे फोटो होते. काळी साडी, अंगभर हलव्याचे दागिने. सासूबाईंनी दादरहून मागवले होते. हार वाटेत तुटला होता, तो मी सेफ्टी पिनांनी ब्लाउजला अडकवलाय, फोटोत एक पीन स्पष्ट दिसते. वकीलबाईंनी विचारलं, हे पांढरं काय आहे? मोती? मग मी बसून एक पान टाइप केलं. ही साखर आहे. मंद आचेवर पाक थेंबाथेंबाने घालत काटा आणतात. एरवी सणाला काळं नेसत नाहीत, पण संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी आणि हे दागिने घालतात, ही सासरच्यांनी करायची हौस असते. सरकारी फायलीत हलव्याची कृती लिहून देणारी मी एकटीच असेन.

मंजूर झालं. वेळ लागला, पण अर्जाच्या पावतीवर कार्डाची मुदत वाढलेली होती, नोकरी चालू राहिली.

किटलीभर_चहा
निमूट, __/\__ . त्या सेफ्टी पिनेलाच कार्ड मिळायला हवं होतं.

मुलुंडकर_दादा
निमूटताई, मनापासून धन्यवाद. मग बहिणीलाही असं दाखवता येईल ना? तिच्याकडे तर दहा पोती फोटो आहेत. लग्न खरंच होतं, मुलगी आहे.

निमूट
नाही हो दादा, तिथेच गोची आहे. माझ्या हातात कार्ड आलेलं होतं, दोन वर्षांचं का होईना. मला फक्त अट काढून घ्यायची होती, आणि त्यासाठी डिक्रीची प्रतच लागत होती. मी न्यायाधीशांकडे लवकर तारीख मागत होते. तुमच्या बहिणीकडे अजून कार्ड नाही, नुसता अर्ज आहे. मला ज्या कागदाने तारलं, तोच कागद तिला बुडवेल.

एडिसनवासी
बरोबर. आणि निमूट, तुमच्या एक्सने आय-८६४ वर, म्हणजे तुमच्या खर्चाच्या हमीवर सही केली असणार. ती घटस्फोटाने सुटत नाही, माहीत असेलच. तुम्ही नागरिक होईपर्यंत किंवा तुमच्या खात्यावर कामाचे ४० क्वार्टर (तिमाह्या) जमा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षं, ती चालू राहते.

खडूस_काका
म्हणजे सप्तपदीपेक्षा फॉर्म पक्का.

सायली_टोरांटो
कॅनडातही असंच काहीसं. पीआर, म्हणजे कायमचा रहिवास, हातात पडायच्या आधी संबंध तुटला किंवा स्पॉन्सरने अर्ज मागे घेतला तर खेळ खलास. एकदा पीआर झालं की घटस्फोटाने जात नाही. पूर्वी काही जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती, ती २०१७ मध्ये काढली, कारण त्या भीतीने बायका मार खात घरात राहत होत्या. स्पॉन्सर नवऱ्याची खर्चाची हमी मात्र तीन वर्षं सुटत नाही.

किटलीभर_चहा
आमच्या नात्यातली एक म्युनिकला आहे. तिकडे लग्नाचा संसार जर्मनीत तीन वर्षं झालेला असला की नंतर बायकोला स्वतःचा रहिवास परवाना मिळू शकतो. तिचे दोन वर्षं अकरा महिने झाले होते. पुढचा महिना तिने कसा काढला ते विचारू नका.

पोहे_विथ_शेव
एक भाबडा प्रश्न. भाची तर जन्माने अमेरिकन आहे. तीच आईला स्पॉन्सर करेल की.

एडिसनवासी
करेल, २१ वर्षं पूर्ण झाली की. सध्या ती पहिलीत आहे.

मुलीचा विषय निघालाच आहे तर सांगतो दादा. तिला बापाच्या लेखी संमतीशिवाय मुंबईला आणून ठेवायचा विचार आईच्या मनातही येऊ देऊ नका. मुलं परदेशी नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, म्हणून तिकडचे न्यायाधीश अशा प्रवासाकडे फार संशयाने बघतात. उद्या ताब्याचा वाद झाला तर ते बहिणीवरच शेकेल.

वकीलीण_बाई
मी वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करते. अमेरिकेचा कायदा माझा प्रांत नाही, इथलं सांगते. मसुदा पाहिलेला नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नये.

दादा, तुम्ही लिहिलंय की मेहुणे गेल्या महिन्यात वेगळे झाले. हिंदू विवाह कायदा कलम १३-ब खाली अर्ज करायला दोघे किमान वर्षभर वेगळे राहत असावे लागतात. मग जानेवारीत अर्ज कशाच्या जोरावर? एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ते वेगळं राहणंच, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच म्हटलंय, त्यामुळे अशक्य नाही. पण मसुद्यात वेगळं राहिल्याची तारीख काय घातलीय ते आज पाहा. त्या तारखेवर बहीण शपथेवर सही करणार आहे. इथे सोयीसाठी दोन वर्षांपूर्वीची तारीख घालायची आणि तिकडे अधिकाऱ्यासमोर वेगळं सांगायचं, हे एक दिवस अंगाशी येतं. मी असे मसुदे पाहिलेत. जुन्या केसमधला परिच्छेद कॉपी-पेस्ट केलेला असतो, एकात तर नवऱ्याचं नावही जुनंच राहिलं होतं.

सहा महिन्यांचं म्हणाल, तर पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची असते. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते सहा महिने माफही होऊ शकतात. म्हणजे लवकरही होतं आणि दोघांची तयारी असेल तर सावकाशही होतं. डिक्री होईपर्यंत संमती मागे घेता येते. त्याच २०१७ च्या निकालात व्हिडिओ कॉन्फरन्सने हजेरी, आणि पक्षकार येऊ शकत नसेल तर आईवडील किंवा भावंडांमार्फत प्रतिनिधित्व, हेही कोर्ट मान्य करू शकतं असं म्हटलंय. भावंडांमार्फत, दादा. तिने विमानात बसायलाच हवं असं नाही.

आणखी एक. "तात्पुरतं ज्युडिशियल सेपरेशन घेऊन ठेवा" असं कोणी सुचवलं तर तिकडच्या वकिलाला विचारल्याशिवाय नको. नुसतं वेगळं राहणं आणि कोर्टाच्या आदेशाने वेगळं राहणं, हे दोन्ही तिकडे एकाच मापाने मोजतील असं नाही.

मुलुंडकर_दादा
बाई, मसुदा काढून पाहिला. "सुमारे तीन वर्षांपासून विभक्त" असं आहे!! गेल्या वर्षीच्या गणपतीत दोघे जोडीने इथे आरतीला उभे होते, फोटो घरच्या ग्रुपवर आहे.

वकीलीण_बाई
सही करू देऊ नका.

खोताची_वाडी
जरा उलट्या बाजूचं लिहितो, अवांतर वाटल्यास माफ करा. आमच्या शेजारच्या मुलाने फिलिपिनो मुलीशी लग्न केलं. ती गिरगावात आठ वर्षं राहिली, भाजीवाल्याशी मराठीत भांडायची, मोदकाच्या कळ्या माझ्या बायकोपेक्षा नीट पाडायची. परदेशी जोडीदाराला आपल्याकडे ओसीआय (भारतात दीर्घकाळ राहायचं कार्ड) मिळतं ते लग्न नोंदवून सलग दोन वर्षं टिकलेलं असलं तर. आणि कोर्टाने लग्न मोडलं की ते कार्ड रद्द करायची तरतूद नागरिकत्व कायद्यातच आहे. तिचंही लग्न मोडलं. जाताना मोदकपात्र आमच्याकडे ठेवून गेली. अमेरिकेला नावं ठेवताना हेही असू द्या.

खडूस_काका
हे माहीत नव्हतं.

पण मूळ मुद्दा माझा अजून तसाच आहे. लग्न मेलेलं आहे आणि कार्डासाठी ते व्हेंटिलेटरवर ठेवायचं, ही फसवणूक नाही?

एडिसनवासी
काका, कार्डासाठी लग्न करणं ही फसवणूक. खरं लग्न मोडायला वेळ घेणं ही नाही. कायद्याने लग्न आहे तोवर आहे, फक्त खोटं बोलायचं नाही. अधिकाऱ्याने विचारलं एकत्र राहता का, तर नाही म्हणून सांगायचं. तसंही पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवावा लागतो, मेहुण्यांचं नवं घर लपणार थोडंच?

निमूट
काकांचा प्रश्न मला अगदीच चुकीचा वाटत नाही. माझी एक मैत्रीण अशीच थांबली, दर महिन्याला बुलेटिन बघत. तारीख एखाद महिन्याने पुढे, मग मागे. नवऱ्याशी भांडण झालं की तो शांतपणे म्हणायचा, "मग करू का फाइल?" चार वर्षं ती त्या घरात आवाज न चढवता राहिली. थांबावं की नाही हे दादांनी ठरवायचं नाही, आईनेही नाही. बहिणीने ठरवायचं.

आणि दादा, मारहाण नाही असं तुम्ही लिहिलंय. तरी तिला एकटीला एकदा विचारा. सगळं भावाला सांगतात असं नाही. मारहाण किंवा छळ असेल तर नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याच्या बायकोला स्वतःचा अर्ज करता येतो. एच-१ वाल्याच्या बायकोला तो रस्ता नाही, पण एच-४ वरच्या पीडित पत्नीला वेगळ्या ईएडीची तरतूद आहे.

पोहे_विथ_शेव
मग दादांच्या बहिणीपुढे थांबणं किंवा परत येणं एवढंच आहे का? स्वतःच्या नावावर काही?

एडिसनवासी
आहे की. एच-४ जिवंत असेल तर डिक्रीच्या आधी स्वतःच्या एच-१बी साठी प्रयत्न करता येतो. मार्चमध्ये नाव नोंदवायचं, लॉटरीत लागलं तर ऑक्टोबरपासून स्वतःचा एच-१. वर्षाला ८५ हजार जागा आणि मागणारे कैक पट, त्यामुळे हमी नाही. नाहीतर शिक्षण घेऊन एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा. ग्रीन कार्डची रांग मात्र नव्याने, तिच्या कंपनीने भरलं तर. मेहुण्यांची २०१४ ची तारीख तिला मिळत नाही.

मुलुंडकर_दादा
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

बहिणीने तिकडे वकील गाठला. सगळे कागद मागवायला मेहुण्यांकडेच मागावे लागले, पण त्यांनी दिले. निघालं असं की मेहुणे अजून एच-१ वरच आहेत, तिचा एच-४ पुढच्या वर्षअखेरपर्यंत आहे. पण पासपोर्टवरचा व्हिसा २०१९ लाच संपलाय आणि ॲडव्हान्स परोलची मुदतही गेलीय. जानेवारीत आली असती तर परत जायला नवऱ्याचे कागद घेऊन बीकेसीत कौन्सुलेटसमोर उभं राहावं लागलं असतं. त्याच नवऱ्याचे, ज्याच्याशी तीन चौक अलीकडे कोर्टात घटस्फोट चाललाय.

परवा मसुद्यासाठी फॅमिली कोर्टात गेलो होतो. येताना मुद्दाम कौन्सुलेटवरून रिक्षा घेतली. २०१६ साली ती आत मुलाखतीला गेली होती तेव्हा फोन-पर्स आत नेता येत नाही म्हणून मी तिची पर्स काखेत धरून दोन तास बाहेर उन्हात उभा होतो. एक पिशव्या सांभाळणारा माणूस सारखा विचारत होता, साहेब ठेवू का, साहेब ठेवू का. मी दिली नाही. आज तिथे तशीच पोरं उभी होती, बहुतेक नवरे किंवा भाऊ.

निमूटताई, तुम्ही म्हणालात तसं तिला एकटीला विचारलं. तसं काही नाही म्हणाली. मग बराच वेळ बोलली, ते इथे लिहीत नाही.

तिने ठरवलंय की बुलेटिन बघत बसायचं नाही, पण मार्चपर्यंत डिक्रीही नको. तिच्या ऑफिसने नाव नोंदवायला होकार दिलाय. मेहुण्यांशी मीच बोललो, नऊ वर्षांत पहिल्यांदा क्रिकेट सोडून दुसऱ्या विषयावर. त्यांना पटकन सुटायचं होतं, पण मुलीच्या आईचं स्टेटस गेलं तर मुलगीही दुरावेल हे त्यांच्या लक्षात आलं. "तीन वर्षांपासून विभक्त" वाक्य काढलंय, खरी तारीख घातलीय. त्यामुळे घटस्फोटाचा अर्ज आपोआपच लांबणीवर पडला. वर्ष भरल्यावर कोर्टाने परवानगी दिली तर बहिणीच्या वतीने मी उभा राहणार.

आईला अजून पटलेलं नाही. तिने तिकिटासाठी काढलेले पैसे डब्यातच ठेवलेत.

वकीलीण_बाई
मुखत्यारपत्र तिकडे नोटराइझ आणि अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) करून घ्या, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प ड्युटी भरा. हे सगळे विसरतात.

मुलुंडकर_दादा
नोंद केली.

पोहे_विथ_शेव
मार्चमध्ये धागा वर काढा दादा. लॉटरीसाठी सिद्धिविनायकाला मी जातो, पॉपकॉर्नचं प्रायश्चित्त.

खडूस_काका
मंगळवारी जाऊ नकोस, रांग मोठी असते.